शिळेवर कुणाची नावं: खाडीकाठच्या एका गावाचं प्रकरण

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागात, खाडीच्या काठावर आमचं गाव आहे. गावाचं नाव देत नाही, माणसांचीही देत नाही. तालुक्यातल्या कुणी ओळखलंच, तर त्यांनी ते स्वतःपाशी ठेवावं ही विनंती. मराठावाडी, दोन कुणबीवाड्या, बौद्धवाडी, मोहल्ला, ब्राह्मण आळी आणि अगदी बंदरालगत खारवी लोकांची घरं. निम्मं गाव मुंबईत. शिमग्याला आणि गणपतीला घरं उघडतात, एरवी ओटीवर म्हातारी माणसं आणि अंगणात कोंबड्या.

मी इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं आणि मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. गाव मला ‘बाई’ म्हणतं. एक गोष्ट आधीच सांगते. या प्रकरणात ज्या खोतांचं, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदारांचं, नाव येणार आहे ते माझे आजेसासरे. म्हणजे मी त्या घरची सून आहे, आणि पुढचं सगळं वाचताना ते लक्षात असू द्यावं.

आजेसासरे १९३० च्या मे महिन्यात शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहाला गेले. शिरोडं तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. लाठी खाल्ली, सहा महिने तुरुंगात काढले. १९७२ साली, स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा, सरकारने त्यांना ताम्रपट दिला. तो आमच्या माजघरात, बरोबर घड्याळाखाली आहे. लग्न होऊन आले त्या दिवशी सासूबाईंनी मला आधी देवघर दाखवलं आणि मग ताम्रपट. माझ्या मुलांनी पाढे त्याच्याच खाली बसून पाठ केले. त्या ताम्रपटाचा मला अभिमान होता आणि आजही आहे.

प्रश्न कसा उभा राहिला

२०२३ च्या जुलैअखेर ‘मेरी माटी मेरा देश’ अभियानाचा आदेश पंचायतीत आला. प्रत्येक ग्रामपंचायतीने एक शिलाफलक उभारायचा, त्यावर गावातल्या स्वातंत्र्यसैनिकांची आणि देशासाठी प्राण दिलेल्यांची नावं कोरायची, पंच्याहत्तर झाडं लावायची, गावची माती कलशात द्यायची. अभियान ९ ऑगस्टला सुरू होणार होतं. हातात जेमतेम दोन आठवडे, आणि वर कोकणातला पाऊस. सरपंचताईंनी घाईघाईने सात जणांची समिती केली. मला सचिव केलं, कारण अक्षर चांगलं.

नावं दोनच होती. १९७१ च्या युद्धात धारातीर्थी पडलेला कुणबीवाडीतला जवान आणि आमचे आजेसासरे. पहिल्या बैठकीत हे दहा मिनिटांत ठरलं. चहा आला. उठता उठता बौद्धवाडीचे सुभेदार बोलले. ते महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे गृहस्थ. म्हणाले, “बाई, नावं लिहा, हरकत नाही. पण चावडीतली पाटी कुठाय? तिच्यावरची सतरा माणसं कुठे गेली?”

पाटी कुणालाच आठवेना. जुनी चावडी काही वर्षांपूर्वी पाडली होती. ग्रामसेवक म्हणाले की फोटो अपलोड करायची मुदत आहे, पाटीचं नंतर बघू. समितीने मान हलवली, मीही हलवली. ९ ऑगस्टला शिलाफलकाचं अनावरण झालं, पंचप्रण शपथ झाली, मुलांनी गाणी म्हटली. बौद्धवाडीतून एक माणूस आला नाही. माझ्या उभ्या नोकरीत पंधरा ऑगस्ट किंवा सव्वीस जानेवारीला असं कधी झालं नव्हतं. उलट, सर्वांत आधी पांढरे कपडे घालून येणारी मुलं त्याच वाडीतली असायची.

या प्रकरणातला पहिला निर्णयाचा क्षण हाच होता आणि तो आम्ही मुदतीच्या नावाखाली घालवला.

पालथी पाटी

पाटी सापडली ती शाळेच्या मागे. मुलांनी हात धुवायच्या टाकीखाली कुणीतरी ती पायरी म्हणून टाकली होती, पालथी. मी स्वतः त्या दगडावर उभी राहून वर्षानुवर्षं हात धुतले आहेत. सुभेदारांच्या मुलाने आणि शाळेच्या शिपायाने पहारीने उचलली. खाली गांडुळं, ओली माती आणि पांढरा संगमरवर. नारळाच्या सोडणाने घासल्यावर अक्षरं दिसली: १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून १७ माणसं गेली, त्यांपैकी ४ जणांनी प्राण दिले. एकही नाव नाही. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने अशा पाट्या कितीतरी गावांत लावल्या. कोकणात आजही काही देवळांच्या आणि चावड्यांच्या भिंतींत दिसतात, आणि बहुतेकींवर असाच नुसता आकडा असतो.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत पाटी टेबलावर ठेवली. ब्राह्मण आळीतले, बँकेतून निवृत्त झालेले एक काका उठले. त्यांचा मुद्दा सरळ होता आणि प्रामाणिक होता: ही माणसं इंग्रजांच्या फौजेत पगारासाठी गेली. आपण स्वातंत्र्यवीरांची शिळा करतोय. राजाच्या चाकरीचा अभिमान कसा धरायचा?

सुभेदारांनी उत्तर दिलं ते मी इतिवृत्तात जसंच्या तसं उतरवलं नाही याची आज खंत वाटते. आशय असा: १८९० नंतरच्या काही वर्षांत इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. इथे जवळच, दापोलीला राहणाऱ्या गोपाळबाबा वलंगकरांनी ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून लष्कराला अर्ज लिहिला. ते स्वतः पलटणीतून निवृत्त झालेले. दापोलीचा कॅम्प म्हणजे पेन्शनरांची वस्ती. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळही पेन्शनीत येऊन तिथेच राहिले. पलटणीत शाळा होती, अंगावर धड कपडा होता, पेन्शन होती. भरती उघडली ती थेट १९१७ मध्ये, युद्धात माणसं कमी पडली तेव्हा. १११ महार्स ही पलटण उभी राहिली आणि १९२१ ला बंदही झाली. “गावात पाणी भरायची बंदी होती हो काका,” सुभेदार म्हणाले. “तिथे सरकार एका नळावर पाणी देत होतं. आमची माणसं कुठल्या राजासाठी गेली ते आम्हाला विचारू नका. कुठून गेली ते विचारा.”

सभा गप्प झाली. मग बौद्धवाडीतल्या आजी, नव्वदी ओलांडलेल्या, नातीच्या खांद्यावर हात ठेवून उठल्या. म्हणाल्या, “आनि शिळेवर खोताचा नाव पयला. माज्या आयेची मडकी त्यानी फोडली. विहिरीवर. सात मडकी. ती मरंपर्यंत मोजून सांगायची.”

मी सचिवाच्या खुर्चीत बसले होते, हातात पेन होतं. लिहू की नको, मला सुचेना.

आजींनी सांगितलं ते असं. महाडला २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, त्याची बातमी खाडीपलीकडून इथे आली. लोक चालत गेले होते, मार खाऊन परतले होते. पुढे तीन-चार वर्षांनी एका कोरड्या वैशाखात बौद्धवाडीच्या, तेव्हाच्या महारवाड्याच्या, सात बायका खोतांच्या विहिरीवर घागरी-मडकी घेऊन गेल्या. पाणी भरलं. परतताना त्यांना गाठून मडकी फोडली.

रोजकीर्द

खोतांच्या माडीवर जुन्या वह्यांच्या दोन पेट्या आहेत. मोडी मला येत नाही. सप्टेंबरात, कुणाला न सांगता, मी तालुक्याच्या गावी मोडी वाचणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांकडे १९३० ते ३२ च्या रोजकिर्दी, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वह्या, नेल्या. आजी म्हणतात तसं काही सापडू नये, असंच मनात होतं. तसं नव्हतं म्हणणं खोटं होईल.

त्यांनी चष्मा पुसला आणि बोट ठेवलं. शके १८५३, वैशाख. म्हणजे १९३१. तुरुंगातून सुटून जेमतेम सहा महिने झालेले. ‘विहीर शुद्ध करणेबद्दल भटजीस दक्षणा रु. १-४-०’. खाली गोमूत्र आणि दर्भाचा किरकोळ खर्च. आणि त्याच पानावर तीन ओळी वर, त्याच हाताने: ‘खादी भांडारास रु. ३-०-०’.

महाडचं तळंसुद्धा सत्याग्रहानंतर पंचगव्याच्या घागरी ओतून असंच शुद्ध करून घेतलं होतं, हे मी मुलांना शिकवत आले होते. ते महाडला झालेलं. हे आमच्या वहीत होतं, आणि विहीर आमच्या मागच्या परड्यात.

त्या वहीचं मी तीन आठवडे काही केलं नाही. यजमानांनाही सांगितलं नाही. रोज संध्याकाळी दिवा लावताना ताम्रपटाकडे लक्ष जायचं. शेवटी एका सकाळी वही पिशवीत घालून सुभेदारांकडे गेले. त्यांनी ती नोंद बघितली, वाचता येत नव्हती तरी बराच वेळ बघितली. म्हणाले, “बाई, आजीचं खरं होतं हे आम्हाला ठाऊक होतं. तुम्हाला ठाऊक नव्हतं, एवढंच.”

समोरचे पर्याय

वही समितीपुढे ठेवल्यावर चार-पाच वाटा निघाल्या आणि प्रत्येकीला माणसं मिळाली.

खोतांचं नाव शिळेवरून काढावं, हा पहिला सूर बौद्धवाडीतल्या तरुणांचा. याला मी विरोध केला आणि तो घरच्या मायेपोटी केला, की विचाराने, हे माझं मलाही नीट सांगता येत नाही. माझं म्हणणं असं होतं की शिरोड्याला त्यांनी लाठी खाल्ली हे जितकं खरं, तितकंच ते वैशाखातलं खरं. एक खोडून दुसरं ठेवलं तर पुढची पिढी पुन्हा अर्धंच वाचेल. बँकेतले काका वेगळ्या बाजूने त्याच मताचे होते. त्यांनी आठवण करून दिली की त्याच १९३१ साली रत्नागिरीत पतितपावन मंदिर सर्वांसाठी उघडलं. तेव्हा ‘त्या काळी सगळेच तसे होते’ अशी सबब खोतांसाठी कुणी देऊ नये. हे त्यांनी म्हणावं याचं मला नवल वाटलं आणि बरंही वाटलं.

मुंबई मंडळाचं म्हणणं व्हॉट्सअ‍ॅपवरून आलं: विषय इथेच थांबवा, गावाची बदनामी होते, जुनं उकरून दुही माजेल. काहींनी लिहिलं की मडक्यांची गोष्ट शाळेच्या एखाद्या वहीत लिहून ठेवा, दगडावर नको. आमचे चुलतदीर तर घरीच आले. “वहिनी, आपल्याच घरातलं चव्हाट्यावर मांडायला तुम्हीच मिळालात?”

सुभेदारांचा प्रस्ताव शेवटी आला. सरकारी शिळा आहे तशी राहू द्या. तिचा नमुना ठरलेला आहे, तिच्यावर जागाही नाही. दुसरी शिळा जांभ्याची, गावच्या खाणीतली, विहिरीपाशी लावा. तिच्यावर शिरोडं, सतरा माणसं आणि सात मडकी, तिन्ही.

मधल्या काळात पाटीवरच्या माणसांचा शोध सुरू झाला होता, त्याने चर्चेचा रंगच पालटला. युद्धात पडलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत मेलेल्या सैनिकांची नावं, बापाचं नाव, कधी कधी गाव-तालुका-जिल्हा असं सापडतं. इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, पण साध्या शिपायांची नुसती संख्या टाकली. २०२१ साली त्या कमिशनने या भेदभावाबद्दल जाहीर माफी मागितली. आमच्या चावडीतल्या पाटीची तीच गत. गावची एक मुलगी पुण्याला शिकते, तिने इंग्रजी स्पेलिंगं दहा तऱ्हांनी उलटसुलट करून चारांपैकी तीन जण शोधले. एक १११ महार्सचा, १९१८ चा. उरलेले दोघे मराठा पलटणीतले, १९१६ ला मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, मरण पावलेले, कूत-अल-अमाराच्या वेढ्याच्या सुमाराचे. दोघेही मराठावाडीतले. एकाचं आडनाव आमच्या पालखीच्या मानकऱ्यांचं.

तोवर मराठावाडी पाटीला ‘बौद्धवाडीची पाटी’ म्हणत होती. आता मानकरी स्वतः विचारायला आले, “बाई, शिळा कधी लावायची?” मला ते खटकलं. आपला माणूस निघाल्यावर इतिहास आपला होतो, हे बघवत नाही. पण काम पुढे सरकलं ते यामुळेच, हेही मान्य करायला हवं.

परत आलेल्या तेरांपैकी सहा नावं घराघरांतून मिळाली. बौद्धवाडीत एका घरी हळदीच्या डब्यात पदक निघालं. एका बाजूला पंचम जॉर्जचं तोंड, कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत नंबर आणि नाव. ते ब्राँझचं होतं. शिपायांना चांदीचं मिळायचं, ओझी वाहणाऱ्यांना ब्राँझचं. म्हणजे घरात सांगतात तसे ते पणजोबा बंदूकवाले नव्हते, हमाल होते. घरच्या तरुण मुलाचा चेहरा उतरला. त्याची आजी मात्र म्हणाली, “बाकीच्यांची चांदीची होती, ती सोनारानं घेतली. पोरींची जोडवी झाली त्याची. याचं कुनी घेतलंच नाय, म्हनून र्‍हायलं.” समितीत कुणीतरी विचारलं की हमालाचं नाव सैनिकांत धरायचं का. सुभेदार म्हणाले, दारूगोळा आपोआप पुढे जात नाही. नाव धरलं.

वाक्य कसं लिहायचं

सर्वांत जास्त वेळ गेला तो एका वाक्यावर, चार बैठका. मी व्याकरण शिकवण्यात आयुष्य काढलं, आणि भाषा काय काय लपवू शकते हे मला त्या चार बैठकांत कळलं.

पहिला मसुदा माझाच: ‘१९३१ साली या विहिरीवर पाण्यावरून वाद झाला.’ सुभेदारांनी कागद परत केला. वाद दोघांचा असतो, म्हणाले, इथे एकाने पाणी भरलं आणि दुसऱ्याने मडकी फोडली. दुसरा मसुदा: ‘पाणी भरणाऱ्या स्त्रियांची मडकी फोडण्यात आली.’ हे वाचून दाखवताना मलाच शरम वाटली. वर्गात मी मुलांना हेच सांगायची, कर्ता कोण ते शोधा. ‘फोडण्यात आली’ म्हटलं की कर्ता वाक्यातून पळून जातो.

मग कर्ता कोण लिहायचा? मी म्हटलं, खोतांनी. मनाची तयारी करून गेले होते, चुलतदीरांशी भांडूनही झालं होतं. पण बौद्धवाडीतूनच याला नकार आला. आजींकडे पुन्हा जाऊन विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या की खोत पुढे होता, पण हात त्याचा एकट्याचा नव्हता. पाच-सहा माणसं होती, तीन वाड्यांतली. बाकीचे बांधावर उभे राहून बघत होते. सुभेदार म्हणाले, “खोतांचं नाव लिहून तुम्ही मोकळ्या व्हाल बाई, आणि तुमच्यामागे सगळं गाव मोकळं होईल.”

यावर कुणबीवाडी अस्वस्थ झाली. त्यांचं दुःख वेगळं होतं. भाताचा अर्धा वाटा खोताला द्यायचा, वर वेठीला राबायचं, हे त्यांनीच सोसलेलं. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध १९३३ पासून वर्षानुवर्षं संप केला, बाबासाहेबांनी १९३७ ला मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करायचं विधेयक मांडलं, ते कुणबी कुळांच्याही बाजूचं होतं. कुणबीवाडीचे एक बाबा म्हणाले, “आम्ही खोताचे गुलाम. त्याने सांगितलं म्हणून आमचे गेले असतील. आमच्यावर का?” हा प्रश्न मला आजही सोपा वाटत नाही. ज्याला नाही म्हणायची सोय नव्हती त्याला कर्ता म्हणायचं का? त्या बैठकीत निकाल लागला नाही. पुढच्या वेळी तेच बाबा आले आणि म्हणाले, घरी म्हातारीशी बोललो, ‘गावाने’ लिहा. त्यांचं म्हातारीशी काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

शेवटचं वाक्य असं ठरलं: ‘१९३१ च्या वैशाखात या विहिरीवरून पाणी नेणाऱ्या सात स्त्रियांची मडकी गावाने फोडली आणि विहीर शुद्ध करून घेतली.’

ग्रामसभा आणि पुढचं काम

२६ जानेवारी २०२४ च्या ग्रामसभेत ठराव आला. हात वर करून मतं घेतली. बहुमताने मंजूर झाला. काही जण मतदानाआधीच उठून गेले, त्यात आमच्या घरातले दोघे होते. विहीर आमच्या सामाईक सातबाऱ्यावर, त्यामुळे शिळेपुरत्या जागेचं संमतीपत्र हवं होतं. चुलतदीरांनी ते महिनाभर अडवलं आणि मग एक दिवस निरोप न देता सही करून पाठवलं. त्यांच्याशी यावर अजून बोलणं झालेलं नाही.

अनावरण २० मार्चला करायचं ठरलं होतं, चवदार तळ्याच्या दिवशी. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. ती उठली जूनमध्ये, तोवर पाऊस. जांभा भिजला की कोरीव काम नीट होत नाही, म्हणून अक्षरांपुरता काळा दगड बसवायचं पाथरवटाने सुचवलं. त्यात खर्च वाढला. मुंबई मंडळाने देणगी दिली नाही; वर्गणी गावातच काढली. शिळा लागली १५ ऑगस्ट २०२४ ला.

सतरा ओळी आखल्या होत्या. नऊ नावं, आठ ओळी कोऱ्या. पाथरवट म्हणाला, कोऱ्या ओळी वाईट दिसतील, तिथे वेलबुट्टी काढतो. नको म्हटलं.

सात बायकांपैकी चारांची नावं आजींना आठवत होती. ती वाक्याखाली आहेत, त्यांच्या आईचं पहिलं. त्या दिवशी आजींना खुर्चीत बसवून विहिरीपर्यंत आणलं. त्यांनी शिळेकडे फारसं बघितलंच नाही. विहिरीत वाकून पाहिलं आणि नातीला विचारलं, “पानी बरा हाय का अजून?” नळयोजना आल्यापासून ती विहीर कुणी वापरत नव्हतं. पुढच्या आठवड्यात पंचायतीने तिचा गाळ काढला.

आज काय आहे

गावात दोन शिळा आहेत. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की मुलं आता पंचायतीपासून विहिरीपर्यंत चालत जातात आणि दोन्हीकडची नावं वाचतात. बौद्धवाडी पुन्हा येते, पण सगळे येत नाहीत. काही तरुणांना वाटतं की खोतांचं नाव सरकारी शिळेवर राहिलं ही तडजोड झाली, आणि त्यांच्याशी वाद घालायचा हक्क मला आहे असं मला वाटत नाही. मुंबई मंडळाने देवळाच्या सभागृहाचा निधी वर्षभर रोखून धरला होता, तो नंतर सोडला. आमच्या घरात गणपतीला दोन पंगती होतात. पूर्वी एक व्हायची.

मोहल्ल्याचं मात्र राहून गेलं. ठरावाच्या चार दिवस आधी मी तिथल्या वडीलधाऱ्यांकडे सही मागायला गेले. त्यांनी चहा दिला, कागद वाचला आणि म्हणाले, “बाई, तुम्ही सगळं ठरवून मग आम्हाला सहीला बोलावलंत. आमचे दोन खलाशी दुसऱ्या महायुद्धात बोटीबरोबर बुडाले. त्यांची कबरसुद्धा नाही. ते कुणाच्या यादीत?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाटी पहिल्या युद्धाची होती, फौजेची होती, म्हणून जहाजांवरची माणसं आम्हाला आठवलीच नव्हती. कोकणाच्या किनाऱ्यावर राहून समुद्रावर गेलेली माणसं विसरावीत, याला काय म्हणावं! सही त्यांनी केली. त्या दोन नावांचा कागदोपत्री शोध आता चालू आहे.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या बैठकीत सुभेदारांनी पाटी विचारली, तेव्हाच मी पेन खाली ठेवायला हवं होतं. शिळा महिनाभर उशिरा लागली असती तर तालुक्याहून एक स्मरणपत्र आलं असतं, त्यापलीकडे काही झालं नसतं. ९ ऑगस्टला आमच्या शाळेच्या मैदानात जी जागा रिकामी राहिली ती नंतरच्या शिळेने भरलेली नाही.

रोजकीर्द मी एकटीने वाचायला नेली हे चुकलं. आजी आणि सुभेदारांना बरोबर घेऊन गेले असते तर ती नोंद आधी त्यांच्या कानावर पडली असती. तीन आठवडे ती माझ्या कपाटात राहिली, म्हणजे विहिरीसारखीच ती वहीसुद्धा खोतांच्याच ताब्यात राहिली. इतरांना सल्ला विचारला तर मी हाच देईन: ज्यांच्या दुखण्याचा कागद आहे, तो उघडताना ते समोर असावेत.

मतदान घ्यावं की नाही याबद्दल माझं मत अजून पक्कं नाही. हात वर करून मडकी फोडल्याचं खरं-खोटं ठरवणं मला तेव्हाही बरं वाटलं नाही. सुभेदार म्हणतात की ठराव झाला म्हणून पुढचा सरपंच शिळा हलवू शकणार नाही, आणि त्यात तथ्य आहे.

चुलतदीरांकडे मी आधी जायला हवं होतं, वही घेऊन, समितीत मांडण्याआधी. त्यांचा राग शिळेवर कमी आणि बाहेरून कळलं यावर जास्त होता.

ताम्रपट जागेवरच आहे. रोजकिर्दीच्या त्या पानाची छायाप्रत करून चौकटीत घालून मी ती त्याच्या शेजारी लावली. मुलगा मुंबईहून आला तेव्हा दोन्हींसमोर उभा राहिला, काही बोलला नाही, आणि जाताना मोबाईलवर दोन्हींचा एकत्र फोटो काढून घेऊन गेला.

गेल्या शिमग्याला कुणबीवाडीतला एक चाकरमानी घरी आला. त्याच्या डोंबिवलीच्या खोलीत जुन्या ट्रंकेत पेन्शनचा कागद सापडला होता, घडीवर फाटलेला. पणजोबांचं नाव, पलटण आणि आमचं गाव. पाथरवटाला निरोप धाडला. आता ओळी सात कोऱ्या आहेत.